मराठीतला सॉक्रेटिस

सॉक्रेटिसाने एक ओळही लिहून ठेवली नाही. इ.स.पू. ४७० च्या सुमारास अथेन्समध्ये एका पाथरवटाच्या घरी त्याचा जन्म झाला. आई सुईण होती. तो पायदळातही लढला, पण बहुतेक आयुष्य त्याने बाजारपेठेत, व्यायामशाळांत आणि मित्रांच्या घरी माणसांशी बोलण्यात घालवले. शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, धर्माचरण कशाला म्हणावे, असे साधे वाटणारे प्रश्न तो विचारी. उत्तर देणारा माणूस स्वतःच्याच उत्तरांत अडकत गेला की दोघांचेही अज्ञान उघडे पडे. आपल्याला माहीत नाही हे आपल्याला माहीत आहे, एवढेच शहाणपण तो स्वतःकडे घेई. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावर खटला झाला. नगराचे देव तो मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे दोन आरोप मेलेटस, अनिटस आणि लायकॉन या तिघांनी ठेवले. सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवले. फक्त तीस मते फिरली असती तर तो सुटला असता, असे प्लेटो सांगतो. डेलॉस बेटावर गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत देहान्ताची शिक्षा अमलात आणायची नाही अशी रीत होती, म्हणून त्याला तुरुंगात महिनाभर काढावा लागला. मित्रांनी पळून जाण्याची सोय केली होती. ती नाकारून त्याने विषाचा पेला घेतला.

आज सॉक्रेटिस म्हणून जो माणूस जगाला माहीत आहे तो इतरांच्या लेखणीतून आलेला आहे. प्लेटोने त्याला आपल्या संवादांचा नायक केले, झेनोफनने त्याच्या आठवणी लिहिल्या आणि अॅरिस्टोफेनिसने तो हयात असतानाच, इ.स.पू. ४२३ मध्ये, ‘मेघ’ या प्रहसनात त्याला टोपलीत बसवून रंगमंचावर अधांतरी लोंबकळत ठेवले. त्याचा कलेतला प्रवास असा त्याच्या डोळ्यांदेखतच सुरू झाला. पुढे राफाएलने १५०९ ते १५११ या काळात व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘अथेन्सची विद्यापीठ-सभा’ या भित्तिचित्रात तो बोटांवर मुद्दे मोजताना दिसतो. फ्रेंच चित्रकार दाव्हिदने १७८७ मध्ये, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीला दोन वर्षे उरली असताना, त्याचा मृत्यू रंगवला. त्या चित्रात एक हात विषाच्या पेल्याकडे जातो आणि दुसरा वर उचललेला आहे, कारण बोलणे अजून संपलेले नाही. युरोपने सॉक्रेटिसाचे मरण जितक्या उत्कटतेने रंगवले तितके त्याचे विचारणे रंगवले नाही. चित्रकलेची ती मर्यादाच आहे. मराठीत मात्र तो चित्रातून आला नाही, पुस्तकातून आला, आणि तोही पुण्याच्या एका शास्त्र्याच्या हातून.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म १८२४ चा. त्यांचे शिक्षण विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेत झाले. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रज सरकारने ही पाठशाळा सुरू केली होती. न्याय, व्याकरण, अलंकार असे परंपरेचे अध्ययन पुरे करून मग ते इंग्रजी शिकले आणि त्या भाषेतले जे जे उपयोगी वाटले ते मराठीत आणू लागले. १८५२ मध्ये त्यांचे ‘सॉक्रेटिसाचे चरित्र’ प्रसिद्ध झाले. त्यांच्या पुढच्या कामाची यादी पाहिली की या निवडीचा अर्थ उलगडतो. ‘अर्थशास्त्रपरिभाषा’, ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’, ‘पद्यरत्नावली’, मराठी व्याकरणावरचे निबंध आणि अरबी भाषेतील सुरस गोष्टींचे भाषांतर, असा त्यांचा पसारा आहे. अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान, काव्य, कथा या सगळ्यांना एकाच भाषेत जागा करून देणारा हा माणूस होता. त्याने हे काम सुरू करताना पहिल्या काही पुस्तकांत एका ग्रीक विचारवंताचे चरित्र घेतले, ही लहान गोष्ट नाही.

त्या काळी मराठी गद्यात चरित्र हा प्रकार नुकता अंग धरत होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘कोलंबसाचा वृत्तांत’ १८४९ मध्ये आला होता. त्याआधीची चरित्रे म्हणजे बखरी आणि महिपतीची संतचरित्रे. बखरीचा नायक राजा किंवा सरदार असे, संतचरित्राचा नायक भक्त. सॉक्रेटिस या दोन्हींत बसत नव्हता. त्याच्याजवळ राज्य नव्हते, सिद्धी नव्हती, संप्रदाय नव्हता. गावातल्या मान्यवरांना प्रश्न विचारत हिंडणे हाच त्याचा पराक्रम. असा माणूस ग्रंथाचा नायक होऊ शकतो, हे मराठी वाचकाला या पुस्तकाने दाखवले. पुस्तक इंग्रजी साधनांवरून झाले होते आणि त्यात नीतिबोधाचा भाग मोठा असणे त्या काळाला धरूनच होते. तरी १८५२ च्या पुण्यात ते आले, याला महत्त्व आहे.

कारण त्या वर्षीचे पुणे प्रश्नांनी ढवळून निघाले होते. लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ ते १८५० या काळात येऊन गेली होती. श्रावणमासात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत, या मागणीवरून सुधारक आणि सनातनी यांच्यात मोठा झगडा होऊन दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली होती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सत्कार झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल तो होता. नगराच्या रूढी मोडतो आणि मुलांना बिघडवतो, असे अथेन्समधल्या आरोपांसारखेच आरोप त्या वेळी पुण्यात फुल्यांवरही होत होते.

फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापले जायला १९७९ साल उजाडले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची रचनाही जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. यामागे सॉक्रेटिस होता असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्नोत्तरांतून विचार मांडण्याची रीत या भूमीत उपनिषदांपासून आहे. ‘ज्ञानेश्वरी’ अर्जुनाच्या शंकांवर उभी आहे, एकनाथांच्या भारुडांत ब्राह्मण आणि महार समोरासमोर बोलतात, आणि मिशनऱ्यांची प्रश्नोत्तरांची पुस्तकेही तेव्हा गावोगाव पोहोचली होती. मराठीतल्या प्रत्येक संवादावर ग्रीक छाप शोधणे हा इतिहासाशी अन्याय ठरेल. फुल्यांच्या उदाहरणातून वेगळी गोष्ट ध्यानात येते. त्या पिढीला दूरच्या अथेन्समधला प्रश्नकर्ता चरित्रात पेलवला, गावातला पेलवला नाही.

सॉक्रेटिसाचे हे चरित्र ज्या वाचकांच्या हाती पडले त्यांचे कान कशाने तयार झाले होते, हे समजायला पुणे जिल्ह्याच्या अगदी पूर्व टोकाला जावे लागते. इंदापूर तालुक्यात नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूर आहे. येथील लक्ष्मी-नृसिंह अनेक देशस्थ घराण्यांचे कुलदैवत आहे. सध्याच्या मंदिराच्या बांधकामाशी विंचूरकर सरदारांचे नाव जोडलेले आहे. येथील नृसिंहाची वालुकामूर्ती प्रल्हादाने घडवली, अशी क्षेत्राची परंपरा सांगते. प्रल्हादाची कथा इथल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. शेजारच्या बारामतीत मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांनी आयुष्यभर पुराणकथा आर्या वृत्तात बांधल्या, कीर्तनकारांनी त्या दूरवर नेल्या, आणि प्रल्हादचरित्र हे तर कीर्तनातले ठरलेले आख्यान.

भागवताच्या सातव्या स्कंधातली ती कथा सॉक्रेटिसाच्या खटल्याशेजारी ठेवली की साम्य थक्क करते. हिरण्यकशिपूच्या राज्यात राजाच देव. प्रल्हाद ते मानत नाही. शंड आणि अमर्क हे गुरू बाहेर गेले की तो बरोबरीच्या दैत्यपुत्रांना आपला विचार सांगतो, मुले त्याच्या मागे जातात, आणि घाबरलेले गुरू राजाकडे तक्रार घेऊन धावतात. राज्याचा देव नाकारणे आणि तरुणांना बिघडवणे, हेच ते दोन आरोप. प्रल्हादालाही विष दिले जाते. प्रश्न छळाचा आणि निष्ठेचा असेपर्यंत मराठी श्रोत्याला सॉक्रेटिस परका वाटण्याचे काही कारण नव्हते. सत्यासाठी छळ सोसणारा माणूस त्याच्या कुळाचारातच होता.

फरक पुढे सुरू होतो. प्रल्हादाला विष बाधत नाही आणि अखेर खांब फोडून नृसिंह प्रकटतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या जातात, पण त्या तरून वर येतात. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ मध्ये काढलेल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात शेवटी विमान येऊन तुकोबांना वैकुंठाला नेते, आणि प्रेक्षक त्या दृश्याला हात जोडत. अथेन्सच्या तुरुंगात कोणी आले नाही. पाय जड होत गेले, थंडी वर चढत गेली आणि माणूस मेला. मराठी मनाला इथे एक नवा नायक भेटला. ज्याला सोडवायला देव येत नाही आणि तरीही जो हरलेला नसतो, असा. दुसरा फरक याहून खोल आहे. प्रल्हाद विचारत नाही, तो सांगतो. त्याची निष्ठा पक्की आहे आणि त्याला उत्तर ठाऊक आहे. सॉक्रेटिसाजवळ उत्तर नाही. मराठी संस्कृतीने पहिला फरक शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू पचवला. दुसरा पचवणे तिला कितीतरी अवघड गेले, आणि त्या अवघडपणाचा इतिहास म्हणजेच मराठीतल्या सॉक्रेटिसाचा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॉक्रेटिस पुण्या-मुंबईच्या तरुणांकडे आणखी एका वाटेने आला. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध १८५९ मध्ये निघाला आणि तो कॉलेजांतून वाचला जाऊ लागला. बहुमताने एखाद्या मताचा गळा दाबणे किती घातक असते हे सांगताना मिलने सॉक्रेटिसाच्या खटल्याचाच दाखला दिला आहे. गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर वाढले. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी इष्ट असेल ते बोलण्याचे त्यांनी सोडले नाही. आगरकरांच्या गद्याचा पीळ तर्काचा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत मांडायचे आणि मग त्याच्या पोटातली विसंगती दाखवायची, ही त्यांची रीत प्लेटोच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

याच सुमारास वि. का. राजवाडे यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे मराठी भाषांतर केले. इतिहासाची साधने गोळा करीत उभा महाराष्ट्र पालथा घालणारे राजवाडे पुढे जगाला माहीत झाले. त्यांच्या कार्याच्या उंबरठ्यावर हा ग्रंथ उभा आहे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. ‘रिपब्लिक’मध्ये आरंभापासून अखेरपर्यंत बोलणारा सॉक्रेटिस आहे. जगातली श्रेष्ठ पुस्तके आपल्या भाषेत आल्याशिवाय आपले विचार प्रौढ होणार नाहीत, अशा तळमळीने राजवाड्यांनी ते मासिक चालवले होते. ‘रिपब्लिक’मधल्या तीन वर्गांच्या राज्याची सावली पुढे दुसऱ्या एका वादावर पडली. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याच्या आदर्शाची तुलना प्लेटोच्या त्या योजनेशी केली आणि दोन्हींतला दोष एकच असल्याचे दाखवले. माणसांना मोजक्या वर्गांत कायमचे कोंबता येत नाही, हा तो दोष.

१९०८ हे वर्ष या कथेत ठळकपणे उठून दिसते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत गांधींनी प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’चा, म्हणजे न्यायसभेपुढच्या सॉक्रेटिसाच्या भाषणाचा, गुजराती सारांश ‘इंडियन ओपिनियन’मध्ये क्रमशः छापला. सॉक्रेटिसाला त्यांनी सत्यवीर म्हटले. १९१० मध्ये मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्य’बरोबर ही पुस्तिकाही जप्त केली. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या आरोपीचे भाषण ब्रिटिश सरकारला धोक्याचे वाटले. त्याच १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात न्या. दावर यांच्यापुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि त्यांचे भाषण काही दिवस चालले. नऊ ज्यूरर्सपैकी सातांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ग्रीक नीतिशास्त्राची, विशेषतः अॅरिस्टॉटलची, गीतेशी तुलना येते. आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले भाषण हा मराठी राजकारणातला आणि पुढे मराठी नाटकातला एक मानाचा प्रसंग होऊन बसला. त्याची मुळे अनेक आहेत. त्यांतले एक मूळ अथेन्सपर्यंत जाते.

याच काळात कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात छापलेल्या एका लेखापायी त्याचे संपादक वामन मल्हार जोशी यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. मराठी साहित्यात सॉक्रेटिस सर्वांत खोल रुजला तो याच माणसात. वामनराव (१८८२–१९४३) तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. पुढे त्यांनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला पाठशाळेत शिकवले. ‘नीतिशास्त्रप्रवेश’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि ‘सॉक्रेटिसाचे संवाद’ मराठीत आणले. पण त्यांचे खरे काम कादंबरीत आहे. १९१५ ची ‘रागिणी’, १९३० ची ‘सुशीलेचा देव’ आणि १९३४ ची ‘इंदू काळे व सरला भोळे’ या कादंबऱ्यांत माणसे घटनांपेक्षा चर्चांनी बांधलेली आहेत. स्त्रीने किती शिकावे, संन्यास श्रेष्ठ की संसार, देव कोणता मानावा, कला आणि नीती यांचे नाते काय, यांवर ती तासन्‌तास बोलतात. कादंबरीची गती त्याने मंदावते, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती खोटी नाही. तरीही मराठी घरातल्या दिवाणखान्यात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसून वाद घालतात, मत बदलतात, हरतात, पुन्हा उठून बोलतात, हे दृश्य मराठी गद्याला वामनरावांनी दिले. अथेन्सच्या संवादांत बोलणारे जवळपास सगळे पुरुष होते. डायोटिमासारखी एखादी शहाणी स्त्री येते, आणि तिचे बोलणेही सॉक्रेटिसाच्या तोंडून कळते. ‘सुशीलेचा देव’ची नायिका एका देवाकडून दुसऱ्या देवाकडे जात अखेर ध्येयालाच देव मानू लागते. ती स्वतःच स्वतःला विचारत जाते आणि तिच्यासाठी कोणताही खांब फुटत नाही.

वामनरावांच्या लेखनात ‘पण’ हा शब्द वारंवार येतो. एक बाजू मांडून झाली की तिच्या विरुद्धची बाजूही त्यांना तितकीच खरी वाटू लागते. निश्चित उत्तर न देणारा लेखक मराठीत लोकप्रिय होणे कठीण. तरी १९३० मध्ये मडगावला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्यानंतर या जातीची कादंबरी मराठीत फारशी वाढली नाही, हे मराठीचे नुकसान आहे.

स्वातंत्र्यानंतर ग्रीक तत्त्वज्ञान मराठीत मुख्यत्वे विद्यापीठांच्या आणि कोशांच्या वाटेने आले. विंदा करंदीकरांनी अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि शोकांतिकेची चर्चा त्यामुळे नेमकी झाली. दे. द. वाडेकरांच्या संपादकत्वाखाली पुण्यात मराठी तत्त्वज्ञान महाकोश सिद्ध झाला. ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास अनेक खंडांत लिहिला. मे. पुं. रेगे यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास लिहिला आणि वाईच्या ‘नवभारत’ मासिकातून वादाची शिस्त कशी असते हे पुढच्या पिढीला आपल्या लेखांनी दाखवले. हे सारे काम मोलाचे आहे, पण ते अभ्यासकांच्या टेबलावर राहिले.

रंगभूमीवर सॉक्रेटिस पूर्ण उंचीने उभा राहिला तो १९९९ मध्ये. मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे नाटक अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केले आणि सॉक्रेटिसाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. ‘रिपब्लिक’मध्ये गुहेचा एक दृष्टान्त आहे. गुहेत जखडलेली माणसे भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानतात. त्यांतला एक जण सुटून बाहेर येतो, सूर्य पाहतो आणि परत जाऊन बाकीच्यांना सांगू लागतो, तेव्हा ते त्याच्यावरच उलटतात. साठे यांच्या नाटकातला सॉक्रेटिस असा परत आलेला माणूस आहे. नाटकाचा रोख खटल्यावर आहे, आणि त्यातून प्रश्न उभा राहतो तो लोकशाहीचा. त्याला मारणारा कोणी हिरण्यकशिपू नव्हता. नागरिकांनी मतदान करून, नियमाने, त्याला विष दिले. १९९० च्या दशकातल्या दंगली आणि झुंडी पाहिलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या अंगावर येणारा होता. राजाविरुद्ध उभे राहणे मराठी नाटकाला जुने आहे, पण आपल्याच बहुमताविरुद्ध उभे राहणे त्याने क्वचितच दाखवले आहे. साठे यांच्या नाटकाचे मोठेपण तेच आहे.

डॉ. लागूंनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. घशाचे शल्यविशारद असलेल्या या नटाने ‘नटसम्राट’मधला अप्पासाहेब १९७० मध्ये उभा केला होता. देवाला निवृत्त करण्याची वेळ आली आहे, हे मत ते जाहीरपणे मांडत आणि त्याबद्दल शिव्याही खात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम केला. त्यात दोघांची देव या विषयावर मतभिन्नता होती. लागू देव नाहीच म्हणत, तर दाभोलकर देवाधर्माच्या नावाने होणारे शोषण तेवढे लक्ष्य करीत. ही मतभिन्नता ते लोकांपुढे उघड मांडत. दोन मित्रांनी गावोगावच्या सभागृहांत एकमेकांशी असलेले मतभेद चर्चेला घेणे हा सॉक्रेटिसाच्या पद्धतीचा, नाटकाबाहेरचा आणि कदाचित नाटकाइतकाच मोठा, मराठी प्रयोग होता. त्यामुळे रंगमंचावर लागूंचा सॉक्रेटिस बोलू लागला की त्यांचे स्वतःचे आयुष्य त्या शब्दांमागे उभे असे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही दिवसांत ते वारले. या काळात अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून रिंगणनाट्य हा प्रकार उभा केला. पडदा नाही, रंगमंच नाही, कसलेले नट नाहीत. चौकात किंवा शाळेच्या मैदानात लोक गोल करून बसतात आणि मधल्या मोकळ्या जागेत कार्यकर्ते नाटक करतात. या मालिकेतल्या एका नाटकाचे नाव ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’ असे आहे. कृष्णशास्त्र्यांच्या चरित्रापासून सुरू झालेला प्रवास इथे ग्रंथालय आणि प्रेक्षागृह सोडून रस्त्यावर आला.

या प्रकाराला रिंगण हे नाव वारीने दिले. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूर तालुक्यात शिरते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते, मधून अश्व धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी अकलूजकडे जाते, आणि तीच नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. तुकोबांना मधला दुवा करून सॉक्रेटिसाला आपला म्हणण्याची कल्पना कार्यकर्त्यांना सुचली, ती या रिवाजात वाढल्यामुळे. शहरी नाटकाने सॉक्रेटिसाला ग्रीक वेषात ठेवले होते. रिंगणनाट्याने त्याला वारकऱ्यांच्या पंगतीत बसवले. तुलना म्हणून ती काटेकोर नाही. तुकोबांच्या वाणीत आर्त भक्ती आहे, सॉक्रेटिसाच्या बोलण्यात ती नाही. पण गावातल्या माणसाला सॉक्रेटिसाचे बोट धरायला जो हात ओळखीचा हवा होता, तो तुकोबांचाच असू शकत होता.

तरी या वारशाचा एक भाग अजून अपुरा आहे. आजवर मराठीत विषाच्या पेल्याची गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली. भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, मृत्युलेखांत ती येते आणि ऐकणाऱ्याला ती सोपी जाते, कारण हुतात्म्यापुढे मान लववण्याची सवय जुनी आहे. तो ज्या कारणासाठी मारला गेला ते विचारणे, समोरच्याला आणि स्वतःला न सोडणारे, त्या मानाने फार थोडे आले. ज्या मराठी वाचकाला सॉक्रेटिसाची खरी ओळख करून घ्यायची असेल त्याने त्याच्या मरणाच्या कथेने सुरुवात करू नये. ‘युथिफ्रो’ हा प्लेटोचा छोटा संवाद आधी वाचावा. एका मजुराच्या मृत्यूबद्दल धर्माच्या नावाने स्वतःच्या बापावर खटला भरायला निघालेला एक भविष्यवेत्ता त्यात सॉक्रेटिसाला न्यायालयाच्या दाराशी भेटतो. धर्म म्हणजे नेमके काय, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे असे तो म्हणतो. संवाद संपतो तेव्हा त्याला घाईचे काम आठवलेले असते आणि प्रश्न अनुत्तरित राहिलेला असतो. प्रल्हादाची कथा ज्याच्या घरात सांगितली जाते, त्याने तर तो अवश्य वाचावा.